गर्दीचुकार

गर्दी न आवडणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारची माणसं सुटीच्या दिवशी घरी थांबतात, वरणभात जेवतात आणि पंखा लावून झोपतात. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या प्रकारची माणसं गर्दीच्या दिवशी, गर्दीच्याच ठिकाणी, पण गर्दीच्या अर्धा तास आधी जाऊन पोचतात. आणि मग उशिरा येणाऱ्यांकडे दयेनं बघत परत फिरतात. यांना मी गर्दीचुकार म्हणतो. आमचे नाना हे त्यातलं अस्सल वाण.

नाना एका बँकेतून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. रांग म्हणजे काय हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं ते समोरून, खुर्चीत बसून, हातात चहाचा कप घेऊन. त्यामुळे रांगेच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे तुमच्याआमच्या बाजूला उभं राहायची वेळ आली की त्यांना आपल्यावर काहीतरी अन्याय होतोय असं वाटायला लागतं. निवृत्तीनंतर हा अन्याय टाळणं हेच त्यांचं पूर्णवेळ काम झालं आहे. गाडीत पेट्रोल भरायचं ते रात्री साडेअकराला. दाढी-कटिंग बुधवारी भर दुपारी, न्हावी डुलकी काढत असताना. गणपतीच्या दिवसांत मानाच्या गणपतींचं दर्शन पहाटे साडेतीनला. गूगलच्या नकाशावर दुकानाच्या नावाखाली कुठल्या वेळी किती माणसं असतात ते दाखवणारे निळे खांब येतात ना, ते आपण कधी बघतो का? नाना शेअरबाजार बघावा तसे ते खांब बघतात. खांब पडला की निघतात.

रविवारी ते सिंहगडावर जातात. सगळं पुणं जातं त्या सिंहगडावर, त्याच रविवारी. फक्त नाना सहाला वर असतात आणि आठला उतरायला लागतात. धापा टाकत चढणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते एकच प्रश्न विचारतात, "आत्ता चाललात?" हा प्रश्न विचारण्यासाठी ते गड चढतात असं माझं मत आहे. मी एकदा त्यांना म्हटलं, सोमवारी या, कुणीच नसतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

या जातीचं एक लक्षण मात्र सर्वांत ठळक. गर्दीचुकार स्वतःला गर्दीत कधीच मोजत नाही. जोडून सुटी आली की नाना शनिवारी पहाटे चारला मुंबईकडे निघतात, आणि पहाटे चारला निघायची कल्पना सुचलेली बाकीची हजारो माणसं त्यांना बोरघाटात भेटतात. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत असतात. नाना काच खाली करतात, मान बाहेर काढतात आणि मनापासून विचारतात, "काय ही गर्दी! लोकांना सुटीत घरी बसायला काय होतं?"

अशा माणसाला २०२४ सालच्या एप्रिल-मेमध्ये जपानला जावं लागलं. लागलं अशासाठी, की नानांच्या बायको, आमच्या वहिनी, शाळेत शिक्षिका. त्यांची मोठी सुटी याच दिवसांत, आणि वहिनींना जपान बघायचं होतं. नानांचा पुतण्या तोक्योत आहे. निशिकासाई म्हणून भाग आहे तिकडे, तिथं भारतीय इतके आहेत की मेथीच्या जुडीसाठी फार लांब जावं लागत नाही. पुतण्यानं फोनवर सांगितलं, "काका, या दिवसांत नका येऊ. गोल्डन वीक असतो. अख्खा देश एकाच वेळी बाहेर पडतो."

दुसरा कुणी असता तर तिकिटांच्या तारखा बदलल्या असत्या. नानांचे डोळे चमकले. बोरघाट, सिंहगड, मानाचे गणपती हे सगळं आता लुटुपुटूचं होतं. इथं साडेबारा कोटींचा देश समोर होता.

आम्ही दोघं त्यांच्याबरोबर जायचं कबूल केलं, त्याला कारण वहिनी. तुम्ही नसाल तर मला हे कुठल्यातरी रिकाम्या मैदानात नेऊन उभं करतील, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या.

निघण्याआधी महिनाभर नानांनी जपानच्या सुट्यांचा असा अभ्यास केला की त्यांच्या बँकेतल्या बढतीच्या परीक्षेलासुद्धा केला नसेल. गच्चीवर आम्हाला बसवून ते सांगायचे. २९ एप्रिल हा सम्राट हिरोहितोंचा, १९०१ सालचा जन्मदिवस. ते हयात होते तोवर सम्राटाचा वाढदिवस म्हणून सुटी. १९८९ मध्ये ते गेले. नव्या सम्राटाचा वाढदिवस डिसेंबरात, म्हणजे ही सुटी जायला हवी. "पण सुटी एकदा दिली की काढून घेता येते का?" नाना आमच्याकडे बघत. मग त्या दिवसाला हरितदिन असं नाव देऊन सुटी ठेवली. २००७ पासून त्याच दिवसाला शोवा दिन म्हणायला लागले आणि हरितदिन उचलून ४ मेला नेला. ३ मे संविधानाचा, कारण १९४७ मध्ये त्या दिवशी त्यांची नवी राज्यघटना अमलात आली. ५ मे मुलांचा.

खरा भक्तिभाव पुढे होता. सुटी रविवारी आली तर तिची भरपाई पुढे एक दिवस सुटी देऊन करायची, असा त्यांच्याकडे कायदा आहे. त्या वर्षी ५ मेला रविवार, म्हणून ६ मेचा सोमवारही सुटीचा. हे सांगताना नानांचा आवाज दाटून आला. रविवारी आलेली सुटी बुडते हे दुःख नोकरीत त्यांनी इतकी वर्षं मुकाट्यानं गिळलं होतं, आणि तिकडे एका देशानं त्यावर कायदा केला होता. "आणि ऐका," ते म्हणाले, "दोन सुट्यांच्या मधे एकच दिवस कामाचा राहत असेल तर तोही सुटीचा. १९८५ मध्ये कायदा बदलून केलं त्यांनी. आपण हेच सीएल टाकून करतो!"

गोल्डन वीक हे नाव सिनेमावाल्यांनी पाडलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला या दिवसांत थिएटरं तुडुंब भरायला लागली, तेव्हा धंद्याच्या भाषेत आलेला हा शब्द. त्यांची सार्वजनिक वाहिनी एनएचके आजही बातम्यांत तो वापरत नाही, सरळ 'मोठी सलग सुटी' म्हणते. मला ही माहिती फार आवडली, नानांना निरुपयोगी वाटली. त्यांना फक्त माणसं कधी कुठून कुठे हलतात ते हवं होतं.

आणि ते त्यांनी शोधून काढलं, हे मान्य केलं पाहिजे. चौकटीच्या कागदावर त्यांनी आलेख काढला. २७ ते २९ एप्रिल पहिला डोंगर, ३ ते ६ मे दुसरा डोंगर, आणि मधे ३० एप्रिल, १ आणि २ मे ही दरी. या तीन दिवशी जपानी माणूस मुकाट्यानं कचेरीत जातो. म्हणून लांबचं फिरणं दरीत उरकायचं. दुसरं सूत्र दिशेचं. ३ मेला तोक्योची माणसं तोक्योच्या बाहेर पळतात, गावाकडे किंवा डोंगरात, आणि ५-६ तारखेला उलटा लोंढा परत येतो. म्हणून ३ तारखेला आपण तोक्योकडे निघायचं. प्रवाहाच्या विरुद्ध. ज्याला जायचंच आहे त्याला याहून चांगला सल्ला मी आजही देऊ शकणार नाही. नानांचं गणित कधीच चुकत नाही. घोटाळा होतो तो दुसरीकडेच.

कसा, ते क्योतोत कळलं.

क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी इनारीचं देवस्थान आहे. शेंदरी रंगाच्या हजारो कमानी एकीला एक लागून डोंगरावर चढत गेलेल्या. डोंगर तसा बुटकाच, २३३ मीटरचा, सिंहगडाची सवय असणाऱ्याला चढ जाणवतही नाही. तिथं दार नाही, तिकीट नाही, रात्रंदिवस उघडं. दिवस उजाडल्यावर खालच्या कमानींतून माणसं एकमेकांना खेटून सरकतात, म्हणून नानांनी २९ तारखेला आम्हाला अंधारात उठवलं. वहिनी टॅक्सीत झोपल्या. आम्ही पायथ्याशी पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं.

कमानींच्या पहिल्या वळणावर एक उंच युरोपियन माणूस तिकाटण्यावर कॅमेरा लावून उभा होता. त्याच्या पुढे एक चिनी जोडपं. त्यांच्या पुढे दोन ऑस्ट्रेलियन मुली, मग एक ब्राझीलचा पिवळा टीशर्ट, मग आणखी पुष्कळ. सगळ्यांच्या पाठीवर तसलीच सॅक, हातात तसलीच पाण्याची बाटली, कपाळावर तशीच आठी. प्रत्येकजण दुसऱ्याकडे असं बघत होता की याला इथं यायचं काय कारण? रिकाम्या कमानींचा फोटो हवा म्हणून प्रत्येकजण बाकीच्यांच्या जाण्याची वाट बघत होता, आणि म्हणून कुणीच जात नव्हतं. कुणी बोलत नव्हतं, हसत नव्हतं. जगभरातले गर्दीचुकार एका डोंगरावर गोळा झाले होते आणि त्यांच्यात आणि नानांत पासपोर्ट सोडला तर काही फरक नव्हता.

नाना माझ्या कानात म्हणाले, "यांना झोपा येत नाहीत का?"

वर चढत गेल्यावर मात्र खरंच मोकळं झालं. एका टप्प्यावर सगळं क्योतो खाली दिसतं, तिथून बहुतेक लोक परततात. त्याच्या पुढे झाडं, दगडी कोल्हे आणि शांतता. वहिनी दर चार पावलांवर थांबून कोल्ह्यांच्या गळ्यातली लाल फडकी बघत होत्या. नाना घड्याळ बघत होते, कारण साडेआठच्या आत खाली उतरायचं होतं. खालचा लोंढा तेव्हा वर यायला लागणार होता. तो आला. आजोबा, नातवंडं, गाड्यांवरच्या भाजलेल्या पदार्थांचा वास, शाळेच्या पोरांचा गलका. त्या दाटीत सगळे मजेत होते. नाना कमानीच्या कडेला उभे राहिले, एका घामाघूम जपानी गृहस्थाकडे बघून दोन्ही हात जोडले आणि मराठीत म्हणाले, "आत्ता चाललात?" त्या गृहस्थांनी कमरेत वाकून नमस्कार केला. नानांचा अख्खा दिवस सोन्याचा झाला.

मग दरीचे दिवस आले. क्योतोत सगळे परदेशी आणि नाराला हरणांमागे सगळे परदेशी, म्हणून नानांनी ओकायामा निवडलं. ओकायामाला पुणेकरानं जाण्याला एक खास अर्थ आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्या धर्तीवर केलं, ते मूळ कोराकुएन तिथलं. ओकायामा आणि पुणे यांचं सख्य आहे, आणि आपल्या बागेला ओकायामा मैत्री उद्यान असंही नाव आहे ते त्यामुळेच. कोराकुएन तिथल्या इकेदा घराण्याच्या त्सुनामासा नावाच्या सरदारानं करवून घेतलं, १७०० साली ते पुरं झालं. आज ते जपानच्या तीन थोर बागांत मोजतात. जपानी बागेत सहसा न दिसणारी लांबरुंद हिरवळ, मधून खेळवलेलं पाणी, चहाचा छोटा मळा, आणि नदीपलीकडे काळ्याकुट्ट रंगाचा किल्ला, ज्याला तिथले लोक कावळ्याचा किल्ला म्हणतात.

कामाचा दिवस होता. बागेत खरोखरच तुरळक माणसं होती. नाना हिरवळीच्या कडेला हात पसरून म्हणाले, "बघा. याला म्हणतात नियोजन." आणि तेवढ्यात मागून स्पष्ट, शुद्ध, सदाशिवपेठी आवाज आला, "अगं, आपल्याकडे हे तळं डाव्या हाताला आहे."

आम्ही वळलो. एक साठीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, पाठीवर तीच सॅक, हातात तीच बाटली. नाना आणि ते एकमेकांकडे पाहत राहिले.

"पुण्याचे का?"

"हो. सहकारनगर. तुम्ही?"

"कोथरूड."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

"इकडे गर्दी नसते असं कळलं," ते म्हणाले.

"हो, आम्हालाही तेच कळलं," नाना म्हणाले.

यापुढे पुणेरी माणसानं जे केलं असतं तेच दोघांनी केलं. एक जण घड्याळाच्या दिशेनं निघाला, दुसरा उलट्या. अर्ध्या तासानं साहजिकच ते तळ्याच्या पलीकडे परत समोरासमोर आले. इकडे दोन्हीकडच्या बायका चहाच्या टपरीवजा घरात बसून एकमेकींच्या डब्यातली शंकरपाळी खात होत्या, आणि जपानमध्ये मासळीचं पाणी नसलेलं काय काय मिळतं याची यादी तयार करत होत्या. ही यादी पुढे आमच्या फार कामी आली. बाहेर पडताना नाना तुटक स्वरात म्हणाले, "सगळं पुणं इथं आलंय. आपली सिंहगड रस्त्यावरची बाग आत्ता रिकामी असेल."

३ मेचा प्रवास ही नानांची कमाल होती. त्या वर्षीपासून गोल्डन वीकमध्ये नोझोमी नावाच्या बुलेट गाड्यांचे सगळे डबे आरक्षित केले होते. आधी ज्यांच्याकडे जागेचं तिकीट नसे ते मोकळ्या डब्यांत शिरत, ती सोय या दिवसांपुरती बंद. आरक्षण महिनाभर आधी, जपानच्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. ३ एप्रिलला साडेसहाच्या ठोक्याला नाना स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून तयार होते. तिकिटं काढली, पण उजव्या बाजूची. ओसाकाहून तोक्योला जाताना फुजीयामा डाव्या हाताला दिसतो. वहिनींनी विचारलं, मग उजवीकडची कशाला? नाना म्हणाले, "फुजी डावीकडे दिसतो म्हणून सगळे डावीकडच्याच मागतात. तिकडे गर्दी."

गाडीत बऱ्याच जागा मोकळ्या होत्या. म्हणजे सूत्र अगदी बरोबर. नानांनी पाय लांब केले, पुढ्यातलं टेबल उघडलं, मिटलं, आणि मग चुळबुळ करायला लागले. मोकळा डबा आहे, थंड हवा आहे, गाडी काटेकोर वेळेवर आहे, पण चेहऱ्यावर समाधान नाही. मला आधी वाटलं, पोट बिघडलं असेल. मग नागोया आलं. जपानी गाड्या डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे समोरून येणाऱ्यांचे फलाट आमच्या उजव्या खिडकीतून दिसत होते. तिथं तोक्योहून आलेल्या गाडीचे लोक उतरत होते. कडेवर मुलं, हातात खाऊच्या पिशव्या, चाकांच्या बॅगा, आजीला धरून चालवणारे बाप. नाना खिडकीला नाक लावून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आता तृप्ती उतरली.

गर्दीचुकाराला मोकळी जागा नको असते, हे मला त्या क्षणी कळलं. त्याला गर्दी दिसेल अशा ठिकाणची मोकळी खुर्ची हवी असते.

फुजी आला तेव्हा डाव्या खिडकीतल्या एका जपानी आजींनी वहिनींची मान वळवून बघण्याची धडपड पाहिली आणि स्वतः उठून त्यांना खिडकीशी बसवलं. वहिनींनी तो शिखरापासून पायथ्यापर्यंत पाहिला, पांढरा माथा आणि खाली निळा घेर. आजींनी त्यांना संत्र्याची गोळी दिली, वहिनींनी त्यांना आल्याची वडी. आजींना ती तिखट लागली, पण त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सगळी संपवली. या सगळ्या वेळात नाना उजवीकडच्या खिडकीतून कारखान्यांची छपरं बघत होते आणि म्हणत होते, "इकडे बघा, कुणीच बघत नाहीये."

तोक्योत रात्री नाना बातम्या लावून बसायचे. जपानी येत नाही त्यांना, पण वाहतुकीच्या बातमीला भाषा लागत नाही. सुटीच्या दिवसांत तिथल्या वाहिन्या हेलिकॉप्टरमधून महामार्ग दाखवतात आणि कुठे किती किलोमीटर गाड्या अडल्यात त्याचे आकडे येतात. चुओ नावाच्या महामार्गावर कोबोतोकेचा बोगदा आहे, तो तिथला बोरघाट. आकडा वाढला की नाना मांडीवर थाप मारायचे. "अडकले!" पुतण्या म्हणाला, "काका, माझे साहेब त्यात आहेत." नाना म्हणाले, "त्यांना सांगायचं ना, पहाटे चारला निघा म्हणून." पुतण्या म्हणाला, "चारलाच निघालेत."

मग ४ तारखेचा मोठा बेत. सगळे बागांत, समुद्रावर, खेड्यापाड्यांत गेलेले असताना रिकामं काय असणार? नानांचं उत्तर तयार होतं. कचेऱ्यांचा भाग. ओतेमाची आणि मारुनोउची म्हणजे तोक्योचं नरिमन पॉइंट समजा, बँका आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारती. वहिनी आणि माझी बायको खरेदीला पळाल्या, मी सापडलो.

ओतेमाचीच्या भुयारी स्टेशनातून वर आलो तर रस्त्यावर खरंच कुणी नाही. काचेचे मनोरे, रुंद फुटपाथ, सिग्नल आपला लाल-हिरवा होतोय. नानांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून खोल श्वास घेतला. मग आम्ही चालत राहिलो. जेवायची वेळ झाली. इमारतींच्या तळघरांत ओळीनं खानावळी होत्या, कामावरच्या लोकांसाठीच्या. सगळ्यांची शटरं खाली, प्रत्येकावर कागद चिकटवलेला, त्यावर तारखा. सुटीत गिऱ्हाईक नाही म्हणून त्याही सुटीवर. एका बँकेपाशी आलो, ती बंद. दुसरी, तीही बंद. नाना बँकेच्या दाराला हात लावून बघत होते. शेवटी एक चोवीस तास उघडं दुकान सापडलं, तिथले भाताचे त्रिकोणी मुटके घेतले, आत खारवलेलं आंबट फळ असलेले. ते आम्ही एका जागतिक कंपनीच्या संगमरवरी पायऱ्यांवर बसून खाल्ले.

"शांत आहे," मी म्हटलं.

नाना इकडेतिकडे बघत होते. मुटका हातात तसाच. "कुणीच कसं नाही?" ते म्हणाले. "काहीतरी गडबड आहे."

"नाना, हेच तर हवं होतं आपल्याला."

"हो, पण इतकं?" त्यांचा स्वर खाली आला. "कुणाला कळलंच नाही तर काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी मुलांचा सण. वहिनींनी जाहीर केलं की आज त्या कुठल्याही गणितात सामील नाहीत. तोक्यो टॉवरची उंची ३३३ मीटर आहे, म्हणून या दिवसांत त्याच्या पायथ्याशी ३३३ रंगीत कापडी मासे वाऱ्यावर टांगतात. जपानभर घरोघरी मुलांच्या नावानं असे मासे फडकवतात. वहिनींना ते बघायचे होते, आणि ज्या वेळी सगळी मुलं येतात त्याच वेळी. "रिकाम्या अंगणात मुलांचा सण बघायचा का?" त्या म्हणाल्या. आयुष्यभर पन्नास-पन्नास पोरांचे वर्ग सांभाळलेल्या बाईला गर्दी म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. नाना म्हणाले, मी येतो, पण नुसता अंदाज घ्यायला.

तिथं माणसांचा पूर होता. वर मासे सळसळत होते, खाली बापांच्या खांद्यावर पोरं. वहिनींनी ओकच्या पानात गुंडाळलेले, आत अझुकीचं गोड पुरण असलेले मोची घेतले आणि पुड्यातून कोपऱ्याकोपऱ्यानं वाटत सुटल्या. पान खायचं नसतं हे त्यांना एका पाच वर्षांच्या मुलीनं हातवारे करून शिकवलं.

नाना अंदाज घेत होते. एका खाण्याच्या गाडीपुढे वळणं घेत गेलेली लांबच लांब रांग होती. एवढी कशाची रांग, हे कुतूहल बँकवाल्याला आवरेना. रांगेच्या टोकाला एक गणवेशातला पोरगा मोठी पाटी उंच धरून उभा होता. नाना त्याला विचारायला गेले. पोरगा कंबरेत वाकला आणि अदबीनं हातानं जागा दाखवली. नानांना वाटलं, इथं उभं राहून विचारायची पद्धत असेल. उभे राहिले. तेवढ्यात रांग सरकली. नानाही सरकले. मागे एक कुटुंब येऊन उभं राहिलं. आता बाहेर पडणं अशिष्ट दिसलं असतं.

आम्ही लांबून बघत होतो. माणूस पहिली काही मिनिटं ताठ होता. मग त्यानं रांगेचं निरीक्षण सुरू केलं. कुणी घुसत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. वळणापाशी वाटेनं जाणाऱ्यांसाठी रांग मधे तोडून पुढे परत जोडली होती. नाना पुढच्या माणसाला खुणेनं काहीतरी विचारायला लागले, मागच्या पोराला गोळी दिली. गाडीवर काय मिळत होतं? तळलेलं चिकन. नाना शुद्ध शाकाहारी. त्यांनी लिंबाचं सरबत घेतलं आणि विजयी मुद्रेनं आले. "पंचवीस मिनिटं! पण एक मिनिट फुकट गेलं नाही. काउंटरवर एकच पोरगी होती हो, पण काय हात चालत होता तिचा!"

जाताना त्यांना एक फोटो हवा होता. त्या पोराला त्यांनी पाटी मागितली. त्यानं संकोचून दिली. फोटो आजही नानांच्या दिवाणखान्यात आहे. नाना हसताहेत, हातात पाटी, वर ३३३ मासे. पुतण्यानं पाटीचा अर्थ सांगितला, 'रांगेचं शेवटचं टोक'. नाना आल्यागेल्याला फोटो दाखवून म्हणतात, "नीट बघा. माझ्यामागे कुणीही नाही."

पुण्यात परतल्यावर लगेच १३ मेला मतदान होतं. नाना सात वाजता केंद्रावर होते, आणि गर्दी टाळण्यासाठी सातला आलेल्यांच्या रांगेत उभे. जूनमध्ये त्यांनी नवा चौकटीचा कागद काढला. आता जपान त्यांना लहान वाटतो. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, तिथंही सलग आठवडाभर सुटी असते, आणि तिथली गर्दी एकशे चाळीस कोटींच्या हिशेबातली. परवा आम्ही चहाला गेलो तेव्हा ते नकाशा पसरून बसले होते. "भिंत बघायला सगळे बादालिंगला जातात," ते म्हणाले. "आपण जिनशानलिंगला जायचं. लांब पडतं म्हणून कुणी जात नाही. १ तारखेला पहाटे साडेचारला निघालं की..."

"ऑक्टोबरात माझी सहामाही असते," वहिनी आतून म्हणाल्या.

"मग मी एकटा जाऊ म्हणतेस?"

वहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "जा की. तेवढीच इथली गर्दी कमी होईल."